एक दिनार म्हणजे एक हजरी : येशूच्या गोष्टींचा हिशेब

जुनी_वही

आधीच सांगून ठेवतो, मी ख्रिस्ती नाही आणि धर्मावर वाद घालायला हा धागा काढलेला नाही. मी वह्या लिहिणारा माणूस. एका पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली, आता दिंडोरी तालुक्यात भावाच्या चार एकर द्राक्षबागेची हजरीवही माझ्याकडे आहे. पेठ-सुरगाण्याकडची टोळी असते. शनिवारी संध्याकाळी शेडच्या कट्ट्यावर बसून मी नावं वाचतो, मुकादम मान डोलावतो आणि पैसे वाटले जातात.

यंदा विरळणीच्या दिवसांत टोळीतल्या दोघी दुपारी दोनला आल्या. एकीचं पोर तापानं फणफणलं होतं, दुसरी तिच्यासोबत दवाखान्यात गेली होती. मी दोघींपुढे अर्धी हजरी मांडली. नियमच तो. कुणी हूं की चूं केलं नाही. रात्री जेवताना मात्र मला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणारी बायबलातली चार पुस्तकं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, त्यांतलं एक) विसाव्या अध्यायातली एक गोष्ट आठवली आणि घास जरा अडकला.

गोष्ट येशूची. एक मळेवाला तांबडं फुटताच चौकात जातो, मजूर बघतो, एका दिनारावर (रोमी नाणं) ठरवतो आणि त्यांना द्राक्षमळ्यात धाडतो. नऊच्या सुमारास पुन्हा जातो, काही जण रिकामे उभे. "तुम्हीही जा, योग्य ते देईन." बारा वाजता तेच, तीन वाजता तेच. पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, परत चौकात. अजून काही उभेच! "दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात?" तर म्हणतात, "आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही." मजूर अड्डा पाहिलेल्यांना हे वाक्य कळेल. पाच वाजेपर्यंत उरतात ते कोण? म्हातारे, लंगडणारे, अंगानं किरकोळ, नाहीतर ज्यांचं मागच्या मुकादमाशी वाजलंय असे.

संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून वाटायला लाग. त्यांना एकेक दिनार. हे बघून पहाटेवाले खुशीत, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही दिनारच. मग कुरकुर: हे तासभर राबले, आम्ही दिवसभर उन्हात करपलो, आणि आम्हाला एकाच मापानं मोजता? मालक त्यांच्यातल्या एकाला म्हणतो, "गड्या, मी तुझं काही बुडवलं नाही. दिनारावरच ठरलं होतं ना? माझं मी कुणाला द्यायचं ते मी ठरवीन. मी उदार झालो ते तुझ्या डोळ्यांत का सलतं?"

वही लिहिणारा म्हणून मला यात खटकला तो वाटपाचा क्रम. पहाटेच्यांना आधी देऊन वाटेला लावलं असतं तर भांडणच झालं नसतं. पतसंस्थेत पगारवाढीची पत्रं आम्ही बंद पाकिटात द्यायचो, ते याचसाठी. हा मालक मुद्दाम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उलट्या बाजूनं वाटतो.

मग एक नादच लागला. चारही शुभवर्तमानं घेऊन बसलो आणि पैशाचा आकडा दिसेल तिथं पेन्सिलनं खूण केली. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस, हे या गोष्टीवरूनच कळतं. आमच्याकडची ४०० रुपये हजरी लावली आणि बघत गेलो.

दुसऱ्या एका गोष्टीत शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसानं जखमी वाटसरूला उतारशाळेत ठेवताना दोन दिनार दिले, म्हणजे ८०० रुपये. वर "जास्त लागले तर परतताना देईन" असं उघडं खातं. पाच हजारांच्या जमावाला भाकरी घ्यायच्या तर दोनशे दिनार लागतील, असं शिष्य म्हणतात. ८०,००० रुपये, माणशी १६. योहानाच्या शुभवर्तमानात फिलिप म्हणतो की तेवढ्यात प्रत्येकाला थोडंथोडंही पुरणार नाही. बरोबरच आहे, सोळा रुपयांत आज वडापावही येत नाही. चिमण्यांचा भाव मत्तयात एका अस्साला दोन, लूकमध्ये दोन अस्सांना पाच. अस्स हे तांब्याचं नाणं, दिनाराचा सोळावा भाग, आपले २५ रुपये. म्हणजे ५० रुपयांच्या खरेदीवर एक चिमणी फुकट. आणि येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्या फुकटातल्या पाचवीचासुद्धा!

आता मोठा आकडा. एका राजाचा नोकर दहा हजार तालांत देणं लागतो. तालांत सहा हजार दिनारांचा, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. गालीलचा सत्ताधारी हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया हे दोन प्रांत मिळून वर्षाला २०० तालांत मिळायचे, असं योसेफस या यहुदी इतिहासकारानं लिहून ठेवलंय. नोकराचं कर्ज झालं पन्नास वर्षांच्या महसुलाएवढं. आमच्या हजरीनं २,४०० कोटी रुपये. असलं कर्ज नोकराला कोण देतं? (मोठ्यांना देतात म्हणा, आणि त्यांच्या दारात वसुलीलाही जात नाहीत.) राजा ते सगळं सोडून देतो. तोच नोकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याची गचांडी धरतो. शंभर दिनार म्हणजे ४०,००० रुपये. ही रक्कम क्षुल्लक नाही बरं, चार महिन्यांची मजुरी आहे. एवढ्यासाठी जामीनदाराच्या घरातला टीव्ही उचलून आणलेला मी पाहिलाय.

सगळ्यात लहान आकडा मंदिरातल्या विधवेचा. तिनं दानपेटीत टाकलेल्या पैशाला मराठी बायबलात दमडी म्हटलंय. दिनाराचा चौसष्टावा भाग, सव्वासहा रुपये. आणि शेवटचा आकडा यहूदाचा, येशूला पकडून देणाऱ्या त्याच्याच शिष्याचा: तीस रुप्याची नाणी. सोर शहरची शेकेल नावाची नाणी धरली तर एकाचे चार दिनार, एकूण १२०. आमच्या वहीत ४८,००० रुपये.

येशूला मजुरीचे भाव इतके तोंडपाठ कसे? त्याचं गाव नासरेथ अगदी लहान खेडं. ग्रीकमध्ये त्याला 'टेक्टोन' म्हटलंय. आपण सुतार म्हणतो, पण लाकूड, दगड, बांधकाम करणारा कुठलाही कारागीर त्यात येतो. पायी तासा-दीड तासावर सेफोरिस हे शहर अंतिपा नव्यानं उभारत होता. येशू तिथं कामाला गेला का, हे शुभवर्तमानं सांगत नाहीत, त्या शहराचं नावही घेत नाहीत. पण रोज कामासाठी उभी राहणारी माणसं त्यानं पाहिली असणारच.

तिशीच्या सुमारास तो यार्देन नदीवर योहान नावाच्या संदेष्ट्याकडून (शुभवर्तमानवाला योहान वेगळा) बाप्तिस्मा घेतो, म्हणजे पाण्यातला शुद्धीविधी. योहानाला अटक झाल्यावर गालीलात परततो आणि कफर्णहूम या सरोवराकाठच्या कोळ्यांच्या गावात मुक्काम ठोकतो. सांगणं एकच: देवाचं राज्य जवळ आलंय. ते कसं असतं याची व्याख्या करत बसत नाही. बी, खमीर, जाळं, मेंढरू, मजुरी यांवर येतो. जकातदारांच्या पंगतीला जेवतो, कुष्ठरोग्याला हात लावतो, शब्बाथाच्या (यहुद्यांच्या शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीच्या) दिवशी आजारी बरे करतो. एक ते तीन वर्षांत सगळं आटोपतं. वल्हांडण या यहुदी सणाच्या गर्दीत यरुशलेमला जातो, मंदिराच्या आवारात सराफांचे चौरंग उलथतो आणि आठवड्याच्या आत रोमी सुभेदार पिलाताच्या हुकमानं क्रुसावर चढवला जातो.

माझं म्हणणं इतकंच की येशूच्या गोष्टींत वही कधी जुळत नाही, आणि ती तो मुद्दाम जुळू देत नाही. जाणकारांनी लिहावं.

---

निफाडी_माणूस

काका, लेख झकास. पण हा मालक माझ्या बागेत चार दिवस टिकणार नाही. उद्या पहाटे कोण येईल हो? सगळे पाच वाजता चौकात हजर, तासभर काम, पूर्ण हजरी!

दुसरं, माणूस पाच वेळा अड्ड्यावर जातो याचे दोन अर्थ. एकतर माल उतरायला आलाय, आभाळ भरलंय आणि हा घायकुतीला आलाय. नाहीतर याला सकाळी किती माणसं लागतील त्याचा अंदाज येत नाही, म्हणजे कच्चा शेतकरी. आणि वाटपाला कारभारी आहे ना? मग अड्ड्यावर स्वतः कशाला जातो? मी मुकादमाला फोन करतो.

---

वसईची_पोर

निफाडी दादा, 'स्वतः कशाला जातो' हाच प्रश्न आमच्या फादरांनी प्रवचनात विचारला होता. हे वाचन मिस्सात (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत) दर तीन वर्षांनी, सप्टेंबरच्या आसपास येतं. आणि दर वेळी घरी जाताना माझे आजोबा कुरकुरायचे. जन्मात रविवारची मिस्सा चुकवली नाही, चाळीस दिवसांचा उपवास काळ काटेकोर पाळला, आणि शेवटच्या श्वासाला पश्चात्ताप करणाऱ्यालाही तेवढंच? आजी म्हणायची, "बघा, पहाटेचा मजूर बोलला!"

ही गोष्ट कुठे येते ते बघा. आधीच्या अध्यायात एक श्रीमंत तरुण सगळं विकून टाकायच्या नुसत्या कल्पनेनं खिन्न होऊन निघून जातो. लगेच पेत्र हा शिष्य म्हणतो, आम्ही तर सगळं सोडलंय, आम्हाला काय मिळणार? येशू त्याला बक्षीस सांगतो खरं, पण पाठोपाठ ही गोष्ट सांगतो. आणि गोष्ट संपून चार ओळी होत नाहीत तोच जब्दीच्या मुलांची, म्हणजे शिष्यांतल्या दोघा भावांची, आई येते: तुझ्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. म्हणजे कुणाच्याही डोक्यात शिरलेलं नाही. पुढे क्रुसावर त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण असतात? दोन लुटारू.

---

कोकणी_मिरची

दोन लुटारूंचं कधी लक्षात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

शंकासुर

थोडं पाणी ओततो, राग मानू नका.

ही गोष्ट फक्त मत्तयात आहे. ते शुभवर्तमान येशूनंतर साधारण पन्नास वर्षांनी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. येशू बोलायचा अरामी, लिहिलं ग्रीकमध्ये. त्यामुळे त्याचे नेमके शब्द आपल्याकडे नाहीत. जब्दीच्या मुलांचंही तसंच; मार्कात ते दोघे स्वतःच जागा मागतात, मत्तयात आई मागते.

इतिहास म्हणून ज्यावर फारसा वाद नाही ते थोडं आहे: गालीलचा यहुदी, योहानाकडून बाप्तिस्मा, शिष्य जमवले, देवाच्या राज्याबद्दल बोलला, पिलाताच्या काळात क्रुसावर मेला. पिलाताची कारकीर्द इ.स. २६ ते ३६. त्याच्या नावाचा कोरीव दगड १९६१ मध्ये कैसरिया इथं सापडला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती लोकांबद्दल तुच्छतेनं लिहितो, पण ख्रिस्ताला पिलातानं मारलं हे तोही नोंदवतो. सराफांचे चौरंग योहानाच्या शुभवर्तमानात अगदी सुरुवातीला उलथले जातात, शेवटच्या आठवड्यात नाही.

दिनार-हजरीबद्दल: एकाच गोष्टीवरून भाव ठरवणं कच्चं. मात्र त्याच टॅसिटसकडे इ.स. १४ मधल्या बंडखोर सैनिकांची मागणी आहे: दिवसाला एक दिनार द्या. सैनिकाला तेव्हा वर्षाला २२५ मिळायचे. म्हणजे गोष्टीतला मालक आधीच बऱ्यापैकी भाव देतोय.

---

जुनी_वही

शंकासुर, राग कसला. ऑडिटर असाच हवा. सैनिकांची नोंद वहीत घेतली.

---

तेल्याची_नात

काका, मी अश्दोदमधून लिहितेय. आमची बेने इस्राएली मंडळी, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आजी अलिबागजवळच्या नवगावची. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्ही शनिवार तेली. तुमचं ते शनिवारचं पैसेवाटप वाचून हसू आलं. सूर्य मावळल्यावर करत असाल तर चालेल!

येशू आमच्यातलाच होता हे लोक विसरतात, म्हणून दोन गोष्टी. तोराहमध्ये, म्हणजे मोशेच्या नियमांच्या पुस्तकांत, स्पष्ट सांगितलंय: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. त्यामुळे 'संध्याकाळ झाली तेव्हा' एवढं ऐकलं की गालीलच्या ऐकणाऱ्याला कळायचं, आता पैसे निघणार. आठवड्यानं पगार ही तुमची सोय, काका. मोशेच्या नियमात ती बसत नाही.

शंकासुरांसाठी: हिल्लेल हा आमचा मोठा गुरू, येशूच्या आधीच्या पिढीतला. तल्मुदात (आमच्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, शिकवणीचा जुना ग्रंथ) त्याच्या गरिबीची गोष्ट आहे. दिवसाची कमाई अर्धा दिनार, त्यातलाही अर्धा पाठशाळेच्या दारवानाला द्यायचा. त्या मानानं हा मळेवाला खरंच बरा.

तल्मुदात जवळजवळ अशीच गोष्टही आहे, येशूनंतर बऱ्याच पिढ्यांची. रब्बी बून अठ्ठाविसाव्या वर्षी वारले. अंत्यविधीच्या भाषणात रब्बी झेइरांनी सांगितलं: एका राजानं मजूर लावले, त्यांतला एक इतका हुशार की दोन तासांतच राजानं त्याचा हात धरला आणि त्याला सोबत फिरायला नेलं. संध्याकाळी त्यालाही पूर्ण मजुरी. बाकीचे कुरकुरले तर राजा म्हणाला, यानं दोन तासांत केलं ते तुम्हाला दिवसभरात जमलं नाही. तिथं त्यानं कमावलंय. येशूच्या गोष्टीत पाच वाजताच्यांनी काहीही कमावलेलं नाही. फरक तेवढाच.

पण यावरून 'यहुद्यांचा देव हिशेबी, येशूचा देव उदार' असलं काही काढू नका. आमच्या योना या संदेष्ट्याची गोष्ट वाचा. निनवेच्या लोकांना देवानं माफ केलं म्हणून योना रुसून बसतो. तोही पहाटेचा मजूरच की! ते पुस्तक आम्ही दरवर्षी योम किप्पूर या उपासाच्या दिवशी दुपारी वाचतो, पोटात अन्न नसताना.

---

कोकणी_मिरची

प्रतिसाद हजार वेळा आवडला. योना पहाटेचा मजूर, वा!

---

रोखठोक_७७

हळूहळू धर्मांतराचे धागे वाढत चाललेत इथे. आपल्या संतांनी काय कमी सांगितलंय?

---

जुनी_वही

रोखठोक, आमच्या घरात वारी आहे, माळ आहे, दोन्ही राहणार आहेत. संतांवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे हजरीवहीवर बोलू.

---

नगरी_पाळकाचा_मुलगा

आमचे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. लहानपणी रोज रात्री येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि मला एक शब्द कायम अडायचा: ऋण. "आमची ऋणे आम्हांस सोड." शाळेतल्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना वाटायचं की आम्ही देवाकडे कर्जमाफी मागतो. वडिलांना विचारलं तर म्हणाले, मागतोच.

मत्तयात शब्द कर्जाचाच आहे. लूकमध्ये पहिल्या अर्ध्यात 'पापं' होतं, पण दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा आपले ऋणकरी येतातच. अरामीत कर्ज आणि पाप दोन्हींना एकच शब्द चालतो, त्यामुळे येशू कुठलं म्हणत होता हा प्रश्न त्याच्या ऐकणाऱ्यांना पडलाच नसेल. आधीची ओळ काय? "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." आजची भाकर, डोक्यावरचं कर्ज. पाच वाजता चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात तिसरं काय असणार?

आणि २,४०० कोटींबद्दल: तो नोकर राजाला म्हणतो, "मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन." वडील हे वाक्य वाचताना दर वेळी थांबायचे. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी त्याला दोन लाख वर्षं लागतील. राजा त्याचा हप्ता बांधून देत नाही, हसतही नाही. त्याला कळवळा येतो.

---

भटकी_सुनंदा

हरवलेल्या नाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. लूकमध्ये एका बाईकडे दहा नाणी असतात (द्राख्मा, म्हणजे दिनाराच्याच मोलाची), एक हरवतं. ती दिवा लावते आणि घर झाडते. मला कायम वाटायचं, दिवसाढवळ्या दिवा कशाला?

मग कफर्णहूमला गेले. तिथली घरं काळ्या बसाल्टची. आपल्या सह्याद्रीचाच दगड म्हणा ना! खिडक्या नावापुरत्या, त्याही उंचावर. जमीन म्हणजे ओबडधोबड काळे धोंडे शेजारीशेजारी बसवलेले, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. मी माझं नाणं मुद्दाम टाकून पाहायचा विचार केला, पण गाईडची नजर होती. त्या फटीत पडलेलं नाणं झाडूशिवाय आणि दिव्याशिवाय सापडणं शक्यच नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं असं घर आतून पाहिलेलं आहे. तिथलं प्रसिद्ध पांढरं सभास्थान मात्र येशूनंतर काही शतकांनी बांधलेलं, त्याखालचा काळा पाया जुना.

जवळच गिनोसारला पहिल्या शतकातली होडी ठेवलीय. १९८६ मध्ये दुष्काळात सरोवर आटलं तेव्हा दोन भावांना चिखलात दिसली. सव्वाआठ मीटर लांब. ठिकठिकाणी जोड लावलेले, लाकडंही कितीतरी जातींची, मिळेल ती. गरिबाची होडी.

---

मसाल्याचा_डबा

काकांच्या वहीतली एक नोंद राहिली. बेथानीत एक बाई येशूच्या डोक्यावर सुगंधी तेलाची कुपी फोडते. लोक चिडतात: तीनशे दिनारांच्या वर किंमत आली असती, गरिबांना वाटता आली असती! म्हणजे ४०० च्या हजरीनं एक लाख वीस हजार. वर्षभराची मजुरी एका मिनिटात डोक्यावर. येशू म्हणतो, राहू द्या, तिनं माझ्या दफनाची तयारी केलीय.

ते तेल नार्दाचं. नार्द म्हणजे आपली जटामांसी, हिमालयात होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी दर्यापुस्तिकेत बरिगाझा, म्हणजे भडोच बंदरातून नार्द जातो असं लिहिलंय. तिथंच असंही आहे की रोमन दिनार भडोचला आणले तर बदलून नफा होतो. सोपारा, कल्याण, पैठण, तेर हीही नावं त्यात येतात. ऑगस्टस आणि टायबेरियसच्या दिनारांचे साठेच्या साठे दक्षिण भारतात सापडलेत. म्हणजे मजुराचा एक दिवस म्हणून येशू ज्या नाण्याचं नाव घेतो, ते आपल्याकडे मसाल्यांच्या मोबदल्यात येत होतं.

आणि मजा अशी की ते येशूच्या स्वतःच्या खिशात नव्हतं. कैसराला, म्हणजे रोमन बादशहाला, कर द्यावा का, असं विचारून त्याला पेचात पकडायला येतात तेव्हा तो म्हणतो, एक दिनार आणून दाखवा. त्यावर कैसराचं चित्र निघतं. "कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला."

---

शंकासुर

जटामांसीची माहिती उत्तम. मार्कात चिडणारे 'काही जण' आहेत, मत्तयात शिष्य, योहानात एकटा यहूदा. नावं अशी हळूहळू पक्की होत जातात हे इतिहास वाचताना लक्षात ठेवावं.

---

वसईची_पोर

काल रात्री मार्काचा पंधरावा अध्याय वाचत होते आणि एकदम थबकले. तिसऱ्या ताशी, म्हणजे सकाळी नऊला, येशूला क्रुसावर खिळतात. सहाव्या ताशी, बाराला, अंधार पडतो. नवव्या ताशी, तीनला, तो ओरडून प्राण सोडतो. मालक चौकात जातो ते तास कोणते? तिसरा, सहावा, नववा! आणि अकराव्या तासाचा, म्हणजे पाच वाजताचा, मजूर मला लूकमध्ये सापडला. बाजूच्या क्रुसावरचा गुन्हेगार, ज्याच्या हातून आता काहीच काम होणार नाही, म्हणतो, माझी आठवण ठेव. त्याला उत्तर मिळतं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज! मजुरी त्याच दिवशी.

---

शंकासुर

ताई, सुंदर आहे, पण तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून शिवलंय. तिसरा तास फक्त मार्क सांगतो, गोष्ट फक्त मत्तय, गुन्हेगाराचा संवाद फक्त लूक. शिवाय दिवसाचे तास मोजायची ती नेहमीची पद्धतच होती, जसं आपण सकाळ-दुपार-संध्याकाळ म्हणतो.

---

वसईची_पोर

माहितीय दादा. शिवण दिसतेय मला. तरी गोधडी ऊबदार आहे.

---

तेल्याची_नात

ताई, तुझ्या गोधडीला माझाही एक तुकडा. शव रात्रभर झाडावर राहू देऊ नका, त्याच दिवशी पुरा, असं तोराहमध्ये आहे. मजुरीच्या नियमाच्या थोडंच आधी, त्याच पुस्तकात. अरिमथाईचा योसेफ नावाचा माणूस संध्याकाळी घाईनं येशूचं शव मागायला जातो ते त्यामुळे, त्यात शब्बाथ तोंडावर.

आणि तो ओरडला ते "एली, एली": माझ्या देवा, तू मला का सोडलंस? हे आमच्या बावीसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. उभ्या लोकांना वाटलं, एलियाहू या आमच्या जुन्या संदेष्ट्याला हाक मारतोय. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, मला नाही. आमच्या घरी नवस फेडायला, नव्या घरात जायच्या आधी, मलिदा होतो. पोहे, खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नाबीची गाणी. आजी अडचणीत आधी त्याचंच नाव घ्यायची. मरणाऱ्या माणसाच्या तोंडून 'एली' ऐकल्यावर त्या बायाबापड्यांना दुसरं काय आठवणार?

---

निफाडी_माणूस

एवढं सगळं वाचून माझी तक्रार तीच आहे, पण एक कबूल करतो.

मागे ऐन काढणीत हवामान खात्याचा गारपिटीचा इशारा आला. दुपारी तीनला मी अड्ड्यावर स्वतः गेलो (मुकादमाचा फोन बंद). उरलेली सात-आठ माणसं होती, त्यात एक म्हातारा, ज्याला मी सकाळी नको म्हटलं होतं. सगळ्यांना गाडीत घातलं. अंधार पडेपर्यंत क्रेट भरले, माल वाचला. पैसे देताना माझ्या हातून सगळ्यांना सारखे गेले. हिशेब करायचं भानच नव्हतं, गारा पडल्या नाहीत याचाच आनंद होता. सकाळची टोळी काही बोलली नाही. मुकादम मात्र दोन दिवस माझ्याशी तुटक वागत होता.

त्या म्हाताऱ्यानं नोट हातात धरून दिव्याखाली नेऊन बघितली. खोटी आहे का म्हणून.

---

जुनी_वही

सगळ्यांचे आभार. निफाडी, तुझ्या म्हाताऱ्यानं मला पुन्हा जेवताना अडकवलं.

त्या दोघींचं विचारलंय काही जणांनी व्यक्तिगत निरोपात. मी मुकादमाला म्हटलं, त्या दिवशीची राहिलेली अर्धी हजरी त्यांना देऊ या. तो म्हणाला, द्या, पण सगळ्यांसमोर नको, बाजूला बोलवून द्या. मी म्हटलं, बायबलमध्ये एक गोष्ट आहे, त्यात सगळ्यांसमोरच देतात. त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या मालकाला दुसऱ्या दिवशी टोळी लागत नव्हती का?"

पैसे अजून पाकिटातच आहेत. उद्या शनिवार.